तिकिटावरचे ‘इंडियन’: कार्लाइल शाळेचा १९१२चा फुटबॉल हंगाम

अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला तेव्हा मला वाटलं, हा खेळ सारखा बंद पडतोय. चार पावलं पळाले की शिट्टी. अंगावर अंगं पडून ढिगारा, मग सगळे उठून कपडे झटकतात, पुन्हा रांगा लावतात, पुन्हा शिट्टी. बॉल बहुतेक वेळ हातात, आणि नाव मात्र फुटबॉल. दहा मिनिटांत चॅनल बदललं. पुढे कधीतरी १९१२ सालच्या एका संघाबद्दल वाचनात आलं आणि तो संघ डोक्यातून जाईना. मग त्याच्यासाठी म्हणून खेळाचे नियम शिकून घेतले. तुम्हीही त्याच वाटेनं चला. आधी संघ, मग नियम.

संघ होता अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल गावचा. हंगाम २१ सप्टेंबरला सुरू झाला आणि २८ नोव्हेंबरला संपला. दहा आठवड्यांत १४ सामने. त्यातले १२ जिंकले, एक हरला, एक बरोबरीत सुटला. संघानं ५०४ गुण केले आणि समोरच्यांना ११४ दिले. कप्तान जिम थॉर्प, आणि तो आदल्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमधून दोन सुवर्णपदकं घेऊन आला होता.

एवढ्यावर ही नेहमीची विजयगाथा वाटेल. पण कार्लाइल हे कॉलेज नव्हतंच. ती सरकारी औद्योगिक निवासी शाळा होती. तिथे सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, छपाई शिकवत. हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, सैन्याची वेस्ट पॉइंट अकादमी, असल्या संस्थांशी ही शाळा बरोबरीनं खेळत होती आणि वर्तमानपत्रं तिला कॉलेज संघांच्याच यादीत धरत. विद्यार्थी सगळे अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींचे. संघाचं नाव ‘कार्लाइल इंडियन्स’.

या ‘इंडियन’ शब्दानं आपली जरा पंचाईत होते. कोलंबसाच्या चुकीमुळे तो त्या लोकांना चिकटला आणि आपण ‘रेड इंडियन’ म्हणत तो तसाच पुढे चालवला. खाली मी मूलनिवासी म्हणेन किंवा थेट जमातीचं नाव घेईन. ‘इंडियन’ म्हणेन ते फक्त त्या काळच्या लोकांनी तो शब्द वापरला तिथे, कारण गोष्टीची मेख त्याच शब्दात आहे.

शाळा नावाची छावणी

रिचर्ड हेन्री प्रॅट हा अमेरिकी घोडदळातला अधिकारी. पश्चिमेकडच्या जमातींविरुद्धच्या मोहिमांत तो लढलेला होता. १८७९ मध्ये त्यानं कार्लाइलची जुनी लष्करी छावणी मागून घेतली आणि तिथे शाळा काढली. मुलं हजारो मैलांवरून रेल्वेनं यायची. आल्याबरोबर केस कापले जायचे. लाकोटासारख्या जमातींत माणूस केस कापतो तो घरात मृत्यू झाला तर. त्यामुळे पहिल्याच रात्री मुलांना काय वाटलं असेल याचा अंदाज करता येतो. मग नवं इंग्रजी नाव, लष्करी गणवेश, सकाळ-संध्याकाळ कवायत. स्वतःच्या भाषेत बोलायला बंदी. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस काम. मधल्या काळात गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी राबायला पाठवणी, तिचं नाव ‘आउटिंग’.

प्रॅटनं १८९२ च्या एका भाषणात आपलं धोरण एका वाक्यात सांगून टाकलं: इंडियनला मारा, माणसाला वाचवा. बंदुकीनं मारा असं त्याला म्हणायचं नव्हतं. मुलातला ‘इंडियन’ पुसला की उरलेला माणूस आपल्यात सामावून घेता येईल, असा त्याचा हिशोब. आणि त्या काळात हा माणूस उदारमतवादी गणला जायचा, हेही ध्यानात ठेवायला हवं. कारण समोरचा पर्याय बंदुकीचाच होता.

शाळा आपल्या कामाचा पुरावा फोटोंतून द्यायची. टॉम टॉर्लिनो या नावाहो तरुणाच्या फोटोंची जोडी त्यात सगळ्यांत गाजली. पहिल्यात मोकळे लांब केस, कानात दागिने, गळ्यात माळा. तीन वर्षांनंतरच्या दुसऱ्यात भांग पाडलेले आखूड केस, कोट, टाय. चेहराही उजळ दिसतो. प्रकाश बदलला की फोटोत असं होतं. अशा जोड्या देणगीदारांना आणि खासदारांना दाखवल्या जात. आवारातल्या दफनभूमीचे फोटो कोणाला पाठवत नसत. तिथे सुमारे १८० थडगी होती. क्षयरोग आणि इतर साथींनी गेलेली मुलं. त्यांचे अवशेष त्यांच्या माणसांकडे परत द्यायला अमेरिकी सैन्यानं २०१७ मध्ये सुरुवात केली.

फुटबॉल या शाळेत आला तो मुलांच्या हट्टानं. सुरुवातीला एका मुलाचा पाय मोडला म्हणून प्रॅटनं बाहेरच्या संघांशी खेळणं बंद केलं. मुलं पुन्हा शिष्टमंडळ घेऊन त्याच्याकडे गेली. प्रॅटनं पुढे आठवणींत लिहिलंय की त्यानं दोन अटी घातल्या. एक, समोरच्यानं काहीही केलं तरी तुम्ही गुद्दा मारायचा नाही. तुम्ही एक मारलात तरी लोक म्हणणार, बघा, हे रानटीच. दोन, दोन-चार वर्षांत देशातल्या सर्वांत तगड्या संघाला हरवून दाखवायचं. पहिली अट मला जास्त जड वाटते. गुद्दे हा तेव्हा त्या खेळाचा जवळजवळ अधिकृत भाग होता.

खेळ कसा होता आणि तो का बदलला

आता नियम. आपल्या हाताशी यासाठी एक चांगली गोष्ट आहे: कबड्डी. कबड्डीत खेळ सलग वाहत नाही, एकेका चढाईत तुटक-तुटक चालतो. चढाई संपली, पकड झाली, की पुढची चढाई. अमेरिकन फुटबॉलमध्ये या एका डावाला ‘डाउन’ म्हणतात. अकरा जण समोर अकरा. मधला एक खेळाडू पायांमधून बॉल मागे देतो, मागचा तो घेऊन पुढे घुसतो, समोरचे त्याला पाडतात. पडला तिथे डाउन संपला. पुढचा डाउन तिथूनच सुरू. प्रत्येक डाउन म्हणजे थोडी जमीन. बॉल घेऊन समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार गेलात की ‘टचडाउन’.

पण जमीन कमवायला मर्यादा असते. ठरावीक डाउनमध्ये ठरावीक अंतर कापलं नाही तर बॉल समोरच्या संघाकडे जातो. सगळी गंमत या दोन आकड्यांत आहे. १९०५ पर्यंत तीन डाउनमध्ये पाच यार्ड, म्हणजे साडेचार मीटर कापायचे होते. दर डाउनला दीड मीटर मिळाला तरी पुरे. आता दीड मीटर मिळवायचा खात्रीचा मार्ग कोणता? सगळ्यांनी एकमेकांना घट्ट धरायचं, बॉलवाल्याला मध्ये घ्यायचं, आणि समोरच्या एका माणसावर कळपासारखं कोसळायचं. पुढच्यांनी ओढायचं, मागच्यांनी ढकलायचं. बॉलवाल्याच्या कमरेच्या पट्ट्याला धरायला मुठी शिवलेल्या असत, इतका हा प्रकार सर्रास होता. डोक्याला बहुतेकांच्या काही नाही. असलंच तर चामड्याची टोपी.

त्यात माणसं मरायची. १९०५ च्या हंगामात १८ जण गेले, असा तेव्हाच्या वर्तमानपत्रांचा हिशोब होता. त्यात शाळकरी मुलंच जास्त. काही विद्यापीठांनी खेळ बंद केला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. खेळ बंद पडू नये अशीच त्यांची इच्छा होती. पण सुधारणा करा, नाहीतर लोकच बंद पाडतील, असा निरोप होता.

मग १९०६ मध्ये दोन मोठे बदल झाले. तीन डाउनमध्ये आता पाच नव्हे, दहा यार्ड कापायचे. म्हणजे कळपानं रेटून भागणार नाही, मोकळ्या जागेत पळावं लागेल. आणि बॉल हातानं पुढे फेकायची मुभा मिळाली, ‘फॉरवर्ड पास’. आज हा पास म्हणजेच तो खेळ असं आपल्याला वाटतं, पण मोठ्या विद्यापीठांच्या कोचना तेव्हा तो पोरकट वाटला. कारणही होतं. पास चुकला तर जबर दंड होता, अंतराला मर्यादा होती. १९१० मध्ये बॉलवाल्याला ढकलण्या-ओढण्यावर बंदी आली. आणि मग १९१२ मध्ये नियमसमितीनं एकदम बरंच काही केलं: तीनऐवजी चार डाउन, टचडाउनचे पाचऐवजी सहा गुण, मैदान ११० वरून १०० यार्डांवर, शेवटच्या रेषेमागे दहा यार्डांची पट्टी, तिथे पास झेलला तरी टचडाउन, आणि पासच्या लांबीवरची २० यार्डांची मर्यादा रद्द. आजचा खेळ जवळपास हाच.

हे सगळं रुक्ष वाटत असेल तर एका हलक्या संघाच्या नजरेनं वाचा. कार्लाइलची पोरं मोठ्या विद्यापीठांच्या मानानं अंगानं किरकोळ. संघात बदली खेळाडू कमी. आणि तेव्हा आजच्यासारखे आक्रमणाचे वेगळे, बचावाचे वेगळे असे खेळाडू नसत. तेच अकरा जण बॉल असतानाही खेळायचे, नसतानाही. रेटारेटीत अशा संघाचा टिकाव लागणं अवघड. पण वेग, चकवा आणि लांब पास यांना किंमत आली की गणित फिरतं. १९०६ पासूनचा प्रत्येक बदल, नकळत का होईना, कार्लाइलच्या बाजूनं पडत गेला.

नकळत असं म्हणतो खरा, पण कार्लाइलचे कोच ग्लेन वॉर्नर, सगळ्यांचे ‘पॉप’, नियमांचं पुस्तक वकिलासारखं वाचायचे. त्यात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही, हे त्यांना आधी दिसायचं. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी एका खेळाडूच्या जर्सीला पाठीमागून खाली इलॅस्टिक शिवून घेतलं. किक झाल्यावर कार्लाइलच्या जिमी जॉन्सननं बॉल झेलला, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले, आणि त्या गर्दीत बॉल चार्ल्स डिलनच्या जर्सीत पाठीमागून सरकवला गेला. मग सगळे पांगले. बाकीच्यांनी बॉल लपवल्यासारखे हात पोटाशी धरले. डिलनचे दोन्ही हात मोकळे, म्हणून त्याच्याकडे कोणी बघेना. पाठीवर कुबड घेऊन तो सरळ पळत सुटला. हार्वर्डवाले इतरांना पाडत बसले. जर्सीत बॉल लपवायचा नाही, असा नियमच नव्हता. सामना शेवटी हार्वर्डनं १२-११ असा जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते कुबड. असल्या युक्त्यांना वर्तमानपत्रांत ‘इंडियन कावा’ म्हणत. हीच युक्ती येलनं केली असती तर तिला बुद्धिमत्ता म्हटलं असतं.

तो हंगाम

१९११ मध्येच कार्लाइलनं हार्वर्डला १८-१५ नं हरवलं होतं. थॉर्पनं दुखऱ्या पायानं चार वेळा बॉल गोलच्या खांबांमधून मारून गुण मिळवले. त्या वर्षी संघ फक्त सिरॅक्यूजकडून एका गुणानं हरला, ११-१२. त्यामुळे १९१२ ला कोणी नवखं म्हणून पाहत नव्हतं.

थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा, आजच्या ओक्लाहोमातला. त्याच्या मूळ नावाचा अर्थ ‘उजळ वाट’ असा सांगतात. जुलैमध्ये स्टॉकहोमला त्यानं पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, म्हणजे पाच आणि दहा प्रकारांच्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. त्याच ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावण्याचं रौप्य लुई टेवानिमानं घेतलं, तो होपी जमातीचा आणि कार्लाइलचाच. ऑगस्टमध्ये गावात त्यांची मिरवणूक निघाली. या दोघांनी अमेरिकेसाठी पदकं आणली तेव्हा मूलनिवासींना सरसकट नागरिकत्व नव्हतं. तो कायदा १९२४ चा.

हंगामाची सुरुवात आजूबाजूच्या छोट्या कॉलेजांनी: ऑलब्राइट ५०-७, लेबनन व्हॅली ४५-०, डिकिन्सन ३४-०, व्हिलानोव्हा ६५-०. हे सामने सरावाचे समजा. मग ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफरसन या कॉलेजाशी ०-०. आठवड्यानंतर सिरॅक्यूज ३३-०, म्हणजे आदल्या वर्षीचं उट्टं व्याजासकट. पिट्सबर्ग ४५-८. २६ तारखेला शनिवारी राजधानी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनशी ३४-२०, आणि लगेच सोमवारी टोरंटोत सामना! तो ४९-१. हा सुटा एक गुण कुठून आला? अमेरिकी नियमांत असा एकटा गुण नसतो. कॅनडाच्या फुटबॉलमध्ये असतो, बॉल शेवटच्या रेषेमागे मारून समोरच्याला तिथेच अडकवलं की. मला या हंगामातला हा सगळ्यात गोड आकडा वाटतो.

दोन दिवसांत वॉशिंग्टन ते टोरंटो, तेही १९१२ च्या रेल्वेनं. अशी धावपळ का? कारण पैसा. मोठ्या सामन्यांसाठी कार्लाइल स्वतःच्या मैदानावर थांबत नसे, मोठ्या शहरांत जाऊन खेळे. गेटवर जमलेल्या रकमेत त्यांचा वाटा असायचा आणि ‘इंडियन्स येताहेत’ म्हटलं की स्टेडियम भरायचं. मुलांच्या अंगावरचा ‘इंडियन’ खरवडून काढायला सरकार एकीकडे पैसे देत होतं आणि तीच शाळा तोच शब्द तिकिटावर छापून पैसे मिळवत होती. त्या पैशातून शाळेत इमारती उभ्या राहिल्या. वॉर्नर यांचं घरही.

९ नोव्हेंबर, वेस्ट पॉइंट. हडसन नदीकाठची ही सैन्याची अकादमी. इथले अधिकारी पश्चिमेतल्या मोहिमांवर जात. सैन्यानं वूंडेड नी इथे लाकोटांची कत्तल केली ती डिसेंबर १८९० मध्ये, म्हणजे या सामन्याच्या फक्त बावीस वर्षं आधी. मैदानावरच्या कित्येक पोरांच्या जन्माच्या आसपासची गोष्ट. सामन्याआधी वॉर्नर यांनी पोरांना तुमचे बाप-आजे आणि यांचे बाप-आजे, असं काहीतरी सांगून चेतवलं म्हणतात. सांगितलं असेलही. ते सांगायची गरज होती असं वाटत नाही.

खेळ कसा झाला ते बघण्यासाठी वॉर्नर यांची मांडणी समजली पाहिजे. तोवरच्या पद्धतीत मागचे चार खेळाडू मध्यभागी एकामागे एक, दाटीवाटीनं उभे असत; रेटायला सोयीचं. वॉर्नर यांनी त्यातल्या एकाला उचलून रांगेच्या टोकाबाहेर नेऊन उभं केलं, पंखासारखं. आणि मधला खेळाडू बॉल थेट खोल मागे उभ्या असलेल्या थॉर्पकडे टाकणार. आता बचाव करणाऱ्यानं काय ओळखायचं? थॉर्प पळू शकतो, फेकू शकतो, लाथेनं मारू शकतो, किंवा जवळून जाणाऱ्याच्या हातात बॉल दिल्यासारखं करून स्वतःकडेच ठेवू शकतो. चारही गोष्टी सुरुवातीला सारख्याच दिसतात. कबड्डीत चढाईपटू उजवीकडे झुकून डावीकडच्याला हात लावून जातो ना, तसं. फक्त इथे अकरा जण एकाच वेळी झुकतात.

पहिला टचडाउन वेस्ट पॉइंटनं केला. सहा गुण, त्यानंतरची जादा गुणाची किक हुकली. पुढे सैन्याच्या खात्यात एकही गुण पडला नाही. कार्लाइलचे चार टचडाउन झाले, सहा चोक चोवीस, आणि तीन किकचे तीन: २७-६. त्या चारांतले तीन अॅलेक्स अर्कासाचे. थॉर्पचा एकही नाही. कारण वेस्ट पॉइंटची पोरं थॉर्पकडे धावायची आणि अर्कासासाठी वाट मोकळी व्हायची. गुणफलकात दिसत नाही असा हा थॉर्पचा खेळ. नंतरच्या वर्षांत या सामन्यातल्या त्याच्या ९०-९५ यार्डांच्या धावांच्या कथा इतक्या फुगल्या की खरा सामना त्याखाली झाकला गेला, जो त्या कथांहून चांगला आहे.

वेस्ट पॉइंटचा कप्तान लीलँड डिव्होर अंगानं धिप्पाड. त्याच्यासमोर होता कार्लाइलचा जो गायन, ओजिब्वे जमातीचा, वजनानं बराच हलका. गायननं पूर्वार्धात त्याला इतकं पिडलं की मध्यंतरानंतर डिव्होरनं डाउन संपल्यावर पळत येऊन त्याच्यावर झडप घातली. पंचांनी कप्तानालाच मैदानाबाहेर काढलं. प्रॅटची जुनी अट आठवा: गुद्दा मारला की लोक म्हणतील रानटी.

बचावात वेस्ट पॉइंटकडून एक बावीस वर्षांचा तरुण खेळत होता, ड्वाइट आयझेनहॉवर. पुढचा सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष. त्यानं आणि चार्ल्स बेनेडिक्टनं ठरवलं, थॉर्पला दोन्ही बाजूंनी एकदम हाणायचं, म्हणजे तो बाहेर जाईल. एकदा बेत साधला. थॉर्प पडला, उठला, खेळत राहिला. पुढच्या वेळी दोघे तशाच वेगानं आले, थॉर्प ऐनवेळी थबकला, आणि दोघे एकमेकांवर आदळले. दोघांनाही बाहेर जावं लागलं. पुढच्याच आठवड्यात टफ्ट्सविरुद्ध आयझेनहॉवर यांचा गुडघा दुखावला आणि त्यांचा फुटबॉल संपला. म्हातारपणी ते थॉर्पबद्दल फार कौतुकानं बोलत.

आणि त्या सगळ्या धावपळीची किंमत? बरोबर एका आठवड्यानंतर फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं कार्लाइलला ३४-२६ असं हरवलं. हंगामातली एकच हार. २६ गुण करूनही हरणं म्हणजे बचाव ढिला पडला. नवे नियम हलक्या संघाला वेग देतात, तसे समोरच्यालाही देतात, ही त्यातली अडचण. स्प्रिंगफिल्डशी जेमतेम ३०-२४ निभावलं. शेवटचा सामना थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्रॉव्हिडन्सला, ब्राउनशी ३२-०. कार्लाइलकडून थॉर्पचा तो शेवटचा. हंगामातले त्याचे टचडाउन २५ आणि गुण १९८ असे सहसा सांगतात. तेव्हाच्या नोंदी पाहता आकडा थोडा इकडेतिकडे धरायला हरकत नाही.

नंतर

जानेवारी १९१३ मध्ये वूस्टरच्या एका वर्तमानपत्रानं बातमी दिली की थॉर्प १९०९ आणि १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंसाठीच असे. एक रुपया घेतला तरी माणूस बाद. कॉलेजची कितीतरी पोरं उन्हाळ्यात असं बेसबॉल खेळायची, फक्त खोट्या नावानं. थॉर्प स्वतःच्या नावानं खेळला.

त्याच्या सहीनं एक माफीचं पत्र गेलं. मी एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो, मला यातलं काही कळत नव्हतं, असा त्याचा सूर. ते वॉर्नर यांनीच लिहून दिलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. वॉर्नर आणि शाळेचे प्रमुख मोझेस फ्रीडमन दोघांनीही आपल्याला काही ठाऊक नव्हतं म्हणून हात वर केले. सही करणारा ‘शाळकरी मुलगा’ तेव्हा पंचविशीचा होता. पदकं गेली. तक्रार स्पर्धेनंतर तीस दिवसांत करावी लागते, असा नियम ऑलिंपिकच्याच पुस्तकात होता. नियमांच्या फटी शोधण्यात एवढे तरबेज असलेल्या वॉर्नर यांना तो दिसला नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. थॉर्प १९५३ मध्ये वारला. पदकांच्या प्रतिकृती कुटुंबाला मिळाल्या १९८३ मध्ये, आणि दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागलं ते जुलै २०२२ मध्ये.

पण मला शेवटी सांगायचंय ते गस वेल्चबद्दल. १९१२ चा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर डाव ठरवणारा. ओजिब्वे. पदकाच्या गडबडीनंतर वर्षभरात त्यानं शाळेत एक अर्ज फिरवला आणि दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या. मागणी एकच: सरकारनं या शाळेची चौकशी करावी. १९१४ च्या सुरुवातीला अमेरिकन काँग्रेसची समिती कार्लाइलला आली. मुलांनी जबान्या दिल्या: जेवण अपुरं, मारहाण होते, कोच शिवीगाळ करतात, आणि खेळाचा पैसा कुठे जातो ते कोणालाच सांगत नाहीत. खेळनिधीचे हिशोब उघडले तेव्हा त्यातून खेळाडूंना दिलेले पैसे, हॉटेलांची बिलं, वर्तमानपत्रवाल्यांना दिलेल्या रकमा निघाल्या. फ्रीडमनना जावं लागलं. वॉर्नर १९१४ च्या हंगामानंतर पिट्सबर्गला गेले आणि तिथे त्यांनी पुष्कळ नाव कमावलं. कार्लाइलचा संघ मात्र दोन-तीन वर्षांतच ढासळला.

गायन पुढे जॉर्जिया टेककडून खेळला. १९२२-२३ मध्ये तो आणि थॉर्प पुन्हा एका संघात आले, ‘ओरँग इंडियन्स’. मालक कुत्रे विकणारा व्यापारी. कुत्र्यांची जाहिरात व्हावी म्हणून त्यानं संघ काढला होता. खेळाडू सगळे मूलनिवासी. मध्यंतरात त्यांना पिसांची शिरोभूषणं घालून नाचावं लागे. ज्या शाळेनं त्यांचे केस कापले ती तोवर बंद झाली होती, १९१८ मध्ये. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी सैन्यानं ते आवार परत घेतलं. आज तिथे सैन्याचं वॉर कॉलेज आहे, आणि थॉर्प ज्या मैदानावर सराव करायचा ते अजूनही त्याच आवारात आहे.